बाईचं आरोग्य, लेखांक ६ : पाळीचं ॲप आणि पाळणा लांबवण्याचा निर्णय

मागच्या लेखांकात तांबी पाहिली. आता मोबाइलकडे वळू, कारण मालवण-देवगडच्या कित्येक तरुण मुली पाळीची तारीख आता कॅलेंडरवर नाही, ॲपवर टिपतात. सवय चांगलीच आहे. पण त्याच ॲपमधले ‘सुरक्षित दिवस’ पाहून गर्भनिरोधकाशिवाय राहणं धोक्याचं आहे.

ॲप मागच्या महिन्यांची सरासरी काढून बीज कधी सुटेल याचा अंदाज बांधतं. ताप, जागरण किंवा अंगावर पाजणं यामुळे तो दिवस पुढे-मागे होतो, आणि पुरुषबीज शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये नॅचरल सायकल्स या ॲपला गर्भनिरोधक म्हणून मान्यता दिली, तीसुद्धा रोज सकाळी उठल्याबरोबर तापमान मोजण्याच्या अटीवर. तरीही नेहमीच्या वापरात वर्षभरात शंभरातल्या सुमारे सात जणींना दिवस राहतात. जिला पहाटेच मासळीच्या लिलावासाठी बंदर गाठायचं असतं, तिला हे रोज कसं जमणार?

साधन निवडायला मदत करणारी ॲप वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेचं असं एक ॲप आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आहे. बाईची प्रकृती सांगितली की कुठलं साधन तिला चालेल, कुठलं अजिबात नाही, हे ते चार श्रेणींत दाखवतं. रक्तदाब १६०/१०० किंवा त्याहून जास्त असेल, तर माला-एनसारख्या रोजच्या गोळ्या नकोतच. डोळ्यांपुढे चमक येऊन अर्धशिशी उठत असेल, तरीही नकोत. बाळ सहा आठवड्यांच्या आतलं आणि अंगावर पीत असेल, तरीही नकोत. अशी चाळणी ॲप चोख लावतं.

पण आपल्याकडचा खरा प्रश्न त्यात नसतो. ‘घोव मुंबयक, गणपतीक येतलो, मगे रोज गोळी कित्याक खावची?’ प्रश्न रास्त आहे. मात्र नवरा गाडीत बसल्यावर गोळी सुरू करून भागत नाही. रोजची गोळी पाळीच्या पहिल्या पाच दिवसांनंतर सुरू केली, तर पहिले सात दिवस निरोधही वापरावा लागतो. छाया आठवड्याची गोळी असली, तरी पहिले तीन महिने ती आठवड्यातून दोनदा घ्यायची असते. अंतरा इंजेक्शन तीन महिने पुरतं, पण शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. पुढच्या वर्षी मूल हवं असेल, तर हे आधी कळायला हवं. हे सगळं आशाताई किंवा उपकेंद्रातल्या सिस्टर समोर बसून सांगू शकतात.

आणखी एक काळजी. कित्येक घरांत फोन एकच, तोही नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात. शिवाय फ्लो या ॲपने बायकांची माहिती फेसबुक, गुगलसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप झाला आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगापुढे त्याला तडजोड करावी लागली. म्हणून नाव, गाव, फोन नंबर मागणाऱ्या ॲपला ते देऊ नका.

ॲपमधल्या पाळीच्या तारखा आणि आपले प्रश्न कागदावर उतरवून घ्या आणि उपकेंद्रात जा. छाया आणि अंतरा तिथे मोफत मिळतात. गोळ्यांचं पाकीट हातात घेण्याआधी रक्तदाब मात्र मोजून घ्या.