‘मायनस 6’ म्हणजे तुम्ही वाईट खेळलात?

समजा, पोहरादेवीहून तुमची टीम वाशीमला बास्केटबॉलची मॅच खेळायला गेलीय. तुम्ही 10 मिनिटं मैदानात होतात. तेवढ्या वेळात तुमच्या टीमचे 14 पॉइंट झाले, समोरच्यांचे 20. तुमच्या नावापुढे लागलं, मायनस 6. आता सिलेक्शनला कुणी एवढंच पाहिलं तर?

याला म्हणतात प्लस-मायनस. अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या मॅचनंतरही प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे हा आकडा असतो. पण गोम अशी की, कमाई पाच जणांची आणि नाव मात्र एकाचं! तुम्ही उतरलात तेव्हा तुमचा सगळ्यात भारी प्लेअर बाकावर होता का? समोर त्यांचे बेस्ट पाच होते का? तुम्ही मस्त पास दिला, मित्राचा शॉट रिंगला लागून बाहेर गेला, त्यात तुमची काय चूक? हे त्या आकड्यात दिसतच नाही.

मग आकडा फेकूनच द्यायचा? तसंही नाही. ह्यूस्टन रॉकेट्सचा शेन बॅटिए 2008-09 मध्ये मॅचला सरासरी 10 पॉइंटही करत नव्हता. पण तो खेळत असला की टीमचं भलं व्हायचं, हे अशाच आकड्यांनी दाखवलं. फक्त ते एका मॅचवरून कळलं नाही.

तेव्हा ‘मायनस 6’ पाहून तोंड पाडू नका. बिनधास्त विचारा : सोबत कोण होतं? समोर कोण होतं? आणि मॅच किती मोजल्या?