लाखेतली मैफल

घरातील तबकड्यांची संख्या सातशेंच्या पुढे गेली तेव्हा त्यांची एकदा रीतसर वर्गवारी करावी असे मनात आले, आणि वाघूरच्या खोऱ्यावर ढग उतरलेल्या एका श्रावणात मी त्या कामाला मोठ्या उत्साहाने हात घातला. नाट्यसंगीत, ख्याल, भावगीत, कव्वाली, लावणी असे कागदी फलक कपाटांना चिकटवून झाले. परंतु तिसऱ्या दिवशी ध्यानात आले की, मी गायनप्रकारांची म्हणून जी वर्गवारी करीत होतो, ती वस्तुतः वेळेच्या मापाने चालली होती. ज्या प्रकारांना तबकडीच्या एका बाजूची तीन-सव्वातीन मिनिटे मानवली ते एकीकडे, ज्यांना ती जाचली ते दुसरीकडे, आणि ज्यांचा जन्मच त्या तीन मिनिटांच्या पोटी झाला ते तिसरीकडे, अशी ती विभागणी होती. पुढील आढावा त्याच अंगाने घेतला आहे. पंडितांना तो अशास्त्रीय वाटल्यास माझी तक्रार नाही.

परगावच्या वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. अजिंठा म्हणजे लेणी नव्हेत. लेण्यांपासून अकरा-बारा किलोमीटर अलीकडे, घाटमाथ्यावर, तटबंदी, दरवाजे आणि जुनी सराय असलेले अजिंठा नावाचे एक गाव आहे आणि तेथे माणसे राहतात. सप्टेंबर १९४८ पर्यंत ही सारी मोगलाई, म्हणजे निजामाचा मुलूख. घाट उतरून फर्दापूर ओलांडले की पुढे इंग्रजी अंमलातला खानदेश लागे, आणि दोहोंच्या हद्दीवर हैदराबाद सरकारच्या करोडगिरीचे, म्हणजे सायर-जकातीचे नाके असत. माझे वडील अशाच एका नाक्यावर कारकून होते. १९३९ साली पहूरपर्यंत छकड्यातून आणि तेथून पाचोऱ्याच्या नॅरोगेज गाडीने जाऊन त्यांनी जळगावहून कुत्राछाप पेटी-फोनो आणि सहा तबकड्या आणल्या, त्या कलदार, म्हणजे इंग्रजी रुपयांत; आणि परत येताना स्वतःच्याच नाक्यावर, स्वतःच्याच वरिष्ठासमोर, शेकडा पाच या दराने हाली सिक्क्यात, म्हणजे निजामी चलनात, करोडगिरी भरली. त्या रकमेची उर्दू पावती त्यांनी पेटीच्या झाकणाला आतून खळीने चिकटवली. पेटीची स्प्रिंग मी दोनदा बदलली, साउंडबॉक्स एकदा बदलला. पावती मात्र अजून जागच्या जागी आहे.

तबकडीची कुळकथा थोडक्यात सांगतो. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास उतरला आणि नोव्हेंबरात त्याने गौहरजानचा आवाज मेणावर घेतला. ते मेण जर्मनीत हॅनोव्हरला जाई आणि तेथून तबकड्या होऊन परत येत. तिकडच्या कामगारास गाणाऱ्याचे नाव कळावे म्हणून गाण्याच्या शेवटी कलावंताने स्वतःच नाव पुकारण्याचा प्रघात पडला. १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाल्यावर या प्रघाताची गरज उरली नाही. ज्या पदार्थावर हे सारे उमटे तो मात्र मूळचा इथलाच, म्हणजे छोटानागपूर-बंगालच्या रानातली लाख. तीत दगडाची पूड आणि काजळी कालवून तापल्या साच्यात दाबले की तबकडी तयार होई. तिची एक बाजू वाजवावयास पोलादाची एक पिन खर्ची पडे, आणि दोनशे पिनांची ती चिमुकली पत्र्याची डबी संपत आली की आमच्या घरी साखर संपल्याची कळा येई.

आता गायनप्रकारांकडे वळतो. आणि प्रारंभ नाट्यसंगीताने करतो, कारण वडिलांच्या सहापैकी चार तबकड्या बालगंधर्वांच्या होत्या. ‘मानापमान’ १९११ चे, ‘स्वयंवर’ १९१६ चे, ‘एकच प्याला’ १९१९ चे. म्हणजे आमच्या घरी पेटी आली तोवर ही नाटके रंगभूमीवर जुनी झाली होती, आणि अजिंठ्यातल्या माणसाला ती पाहावयास मिळण्याचा तसा योगही नव्हता. नाटक न पाहता, कथानकाचा गंध नसताना, नुसत्या पदांवर पोसलेली आमच्यासारखी एक अख्खी पिढी मोगलाईत वाढली. थिएटरात ‘वन्समोअर’च्या गजरात एकेक पद किती वेळ चाले त्याच्या रसभरित हकीगती मी पुष्कळ वाचल्या आहेत, आणि दर वेळी माझ्या मनात एक पाखंडी विचार येऊन जातो: ते पद तीन मिनिटांत बांधले गेले हे बरेच झाले. वेळ मोजका असल्यामुळे त्या गळ्याने प्रत्येक हरकत जणू तोलून टाकली. मागे ऑर्गन आणि सारंगी एकमेकांत मिसळलेली. आणि समेवर येताना शब्दाचा उच्चार किंचितही न ढळता लयीची ती गोड ओढाताण. भास्करबुवा बखल्यांनी ‘स्वयंवर’च्या चाली बांधल्या, त्या गुरूचा स्वतःचा आवाज एकाही तबकडीवर नाही, आणि त्यांच्या गायकीचा माग काढावयाचा तर तो शिष्याच्या या लाखेवरच काढावा लागतो. मास्टर दीनानाथांच्या माझ्याकडे थोड्याच तबकड्या आहेत. तो आवाज तबकडीत मावत नाही, कडेला धडका देतो. म्हणून त्या मी एकट्याने ऐकतो.

ख्यालाला मात्र तीन मिनिटे म्हणजे कोंडवाडाच. विलंबिताला जागा नाही, आलापीला उसंत नाही. चीज सांगून दोन ताना फेकेपर्यंत पिन आतल्या कडेला जाऊन खरखरू लागे. अल्लादियाखाँसाहेबांनी मुद्रण कधी होऊच दिले नाही, आणि या मर्यादा पाहिल्या की त्यांना दोष देववत नाही. पण त्याच कोंडवाड्यात अब्दुल करीमखाँसाहेबांनी झिंझोटीतली ठुमरी अशी गायिली की, गदगच्या दुकानात ती ऐकून भीमसेन नावाच्या पोराने गुरूच्या शोधात घर सोडले. म्हणजे कोंडवाड्याचे माझे तत्त्व येथे डळमळते, हे कबूल करावे लागते. नारायणराव व्यासांच्या तबकड्यांविषयी जाणकार नाक मुरडतात. मला त्या आवडतात. स्वच्छ, नेमक्या, मुनशीच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेल्या दस्तऐवजासारख्या त्या आहेत. आणि केसरबाई केरकरांची भैरवी, जिला अमेरिकनांनी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत स्थान दिले, तीही अशीच साडेतीन मिनिटांच्या मापाची आहे. पहिले यान ऑगस्टमध्ये सुटले, दुसरे सप्टेंबरमध्ये, आणि त्याच सप्टेंबरात केसरबाई वारल्या.

विनाइलची दीर्घवादी तबकडी आली आणि तिने ख्यालाला कोंडवाड्यातून सोडवले. एकेका बाजूस वीस मिनिटे मिळाली. अमीरखाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची १९६० ची एल. पी. ही माझ्या मते भारतातील सर्वोत्तम तबकडी होय, आणि ती मी माझ्या हाताने घालवली. वैशाखातल्या एका दुपारी ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून मी जेवावयास बसलो. हात धुऊन आलो तो तिचा पापड झालेला. आजही ती लावली की सुई डोंगर चढते आणि उतरते, मारवा डोलू लागतो, आणि सौ. आतून विचारते, “तुमचे खाँसाहेब बोटीत बसले का?” त्याच ध्वनिमुद्रणाची दुसरी तबकडी मला पुढे मुंबईच्या चोरबाजारात मिळाली, पण पहिली टाकवत नाही.

भावगीताबद्दल थोडक्यात आटोपतो, कारण त्यावर मराठीत काही कमी लिहिले गेलेले नाही. हा प्रकार त्या तीन मिनिटांचे औरस अपत्य आहे. नागपूरकडचे एक तरुण गायक, गो. ना. जोशी, यांनी तिशीच्या दशकाच्या आरंभी ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ तबकडीवर आणली. देशपांडे मेहकरचे, म्हणजे डोंगराच्या पलीकडचे आमचे शेजारीच. पुढे हेच जोशी कंपनीचे मुद्रणाधिकारी होऊन बड्या बड्या गवयांना मायक्रोफोनपुढे बसविण्यात निष्णात झाले. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेले ‘गीतरामायण’ माझ्याकडे सुधीर फडक्यांच्या आवाजात आहे. ते रामनवमीला बाहेर निघते आणि पुन्हा कपाटात जाते.

ज्या प्रकारावर तबकडीने सर्वाधिक अन्याय केला तो कव्वालीचा. आमच्या गावात निम्मी वस्ती मुसलमानांची, खुलताबाद गाडीच्या टप्प्यात, आणि तेथील उरुसात रात्रभर चाललेली कव्वाली ज्याने एकदा ऐकली त्याला तबकडीवरची कव्वाली म्हणजे तबकात वाढलेली नदी वाटते. एकच मिसरा वीस वेळा उलटसुलट फिरवून, श्रोत्यांपैकी एखादा डोलू लागला की त्याच शब्दावर मुक्काम ठोकून, हलके हलके चढत जाणारी ती गोष्ट. तिला ‘भाग पहिला, भाग दुसरा’ असे मध्येच तोडून तबकडी उलटावयाची, म्हणजे ऐन हालाच्या, म्हणजे तल्लीनतेच्या, क्षणी पाहुण्यास पाणी विचारण्यासारखे आहे. तरीही प्यारू कव्वाल आणि कल्लू कव्वाल यांच्या जुन्या तबकड्या मी जिवापाड जपतो. वडिलांचे एक स्नेही, तहसिलीतले पेशकार, शुक्रवारी नमाजानंतर आमच्या ओसरीवर येऊन बसत. वैजापूरचे सिकंदर अली ‘वज्द’ यांची अजिंठ्यावरची उर्दू नज्म त्यांना मुखोद्गत होती. कव्वालीची तबकडी संपली की चावी भरून होईपर्यंतच्या अवकाशात ते स्वतः पुढचा मिसरा म्हणून टाकीत, म्हणजे मैफल तुटत नसे. तबकडीवरच्या कव्वालीला कसे ऐकावे हे मी त्यांच्यापासून शिकलो.

लावणीची आणि लोकगीतांची माझी पुंजी एका मंडपवाल्याकडून आली. कॅसेटचा जमाना आल्यावर त्याने आपली लोखंडी ट्रंक मला किलोच्या भावाने दिली. तीत बहुतेक पंचेचाळीसच्या गतीच्या छोट्या तबकड्या. प्रत्येकीवर पांढऱ्या ऑइलपेंटने त्याच्या नावाचे आद्याक्षर, आणि जी तबकडी जितकी मागणीची तितकी तिची कातडी घासलेली. संग्राहक निष्कलंक प्रतीच्या मागे असतात. मी या ट्रंकेतल्या घासलेल्या प्रतींवरून लोकांची आवड वाचतो. सर्वांत झिजलेली कोणती? सुलोचना चव्हाणांची लावणी आणि प्रल्हाद शिंद्यांचे गाणे. डोक्यावरून पदर घेऊन, जागेवरून न हलता गाणाऱ्या सुलोचनाबाईंनी लावणीची सारी अदा एका आवाजात ओतली, म्हणून त्यांच्या तबकडीला नाचणारीची उणीव भासत नाही. चौदा एप्रिलला भोंग्यावरून वाजलेल्या भीमगीतांच्या तबकड्यांवर तर चरे इतके की गाण्याआधी पाऊस ऐकू येतो. त्या मी रिठ्याच्या पाण्याने धुतल्या. पाऊस तसाच राहिला.

चित्रपटगीतांचे कपाट सर्वांत मोठे आहे आणि त्यावर लिहिण्यासारखे माझ्यापाशी सर्वांत कमी आहे. सैगल वगळता ती गाणी रेडिओवर लागतातच.

लेण्यांचा विषय टाळण्याचा माझा विचार होता, पण लाखेमुळे तो टळत नाही. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने, गुलाम यझदानींच्या देखरेखीखाली, चित्रांची डागडुजी करण्यासाठी दोन इटालियन तज्ज्ञ बोलावले. सुटत चाललेला रंग भिंतीला धरून राहावा म्हणून त्यांनी त्यावर लाखेचे रोगण चढवले. रंग धरला गेला. पण कालांतराने ते रोगण पिवळे पडले, धूळ धरू लागले, आणि पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना ते वर्षानुवर्षे अंगुळाअंगुळाने उतरवावे लागले. पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या भिंतीवर एक नर्तकी आहे, आणि तिच्याभोवती बासरी, मृदंग, झांजा घेतलेल्या वादक स्त्रिया. त्या कोणता ताल धरून होत्या हे आता कोणासही सांगता येणार नाही. ज्या लाखेने त्यांचा रंग झाकोळला, तिच्याच पोटात त्याच सुमारास मुंबई-कलकत्त्याच्या गवयांचे सूर साठवले जात होते. पहिल्या लेण्यात गेलो की त्या झांजा धरलेल्या बाईपुढे मी जरा जास्त वेळ उभा राहतो. पहारेकरी आता ओळखीचे झाले आहेत, हटकत नाहीत.

सिल्लोड, भोकरदन, सोयगाव, जामनेर या टापूतल्या वाचकांना एक विनंती आहे. माळ्यावर, धान्याच्या कोठीमागे, वडीलधाऱ्यांच्या ट्रंकेत जुन्या तबकड्या असतील तर त्या भंगारात देऊ नयेत, आणि गरम पाण्यात बुडवून त्यांच्या फुलदाण्याही करू नयेत. फुटलेली असली तरी चालेल. लेबल वाचता आले तरी पुरे. टपालाने मात्र पाठवू नये, लाख वाटेत तडकते. निरोप धाडावा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.