आटे जुळवताना

पाण्याच्या नळापासून सायकलच्या चाकापर्यंत असंख्य वस्तू आट्यांच्या आधाराने जोडलेल्या असतात. स्क्रू सहज फिरतो, घट्ट बसतो आणि गरज पडल्यास पुन्हा निघतो. म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु एखाद्या जुन्या यंत्राचा वेगळ्या मापाचा स्क्रू तुटला आणि तसा बाजारात मिळेनासा झाला, की सुस्थितीतील यंत्रही भंगारात काढण्याची वेळ येते. अशा वेळी घरच्या छोट्या लेथवर हवे तसे आटे पाडता येणे ही मोलाची विद्या ठरते.

तुटलेला स्क्रू नवा करता येतो. मात्र ज्या ओतीव भागात तो बसायचा, त्याच्या छिद्रातील आटे बिघडले तर तो भाग वाया जाऊ शकतो. त्यामुळे पहिले काम मोजमापाचे असते. व्यासाइतकेच महत्त्व दोन लगतच्या आट्यांमधील अंतराला, म्हणजे पिचला असते. समजा, तुटक्या स्क्रूचा व्यास १७ मिलिमीटर आहे आणि दहा आट्यांची लांबी १५ मिलिमीटर भरते. तर पिच १.५ मिलिमीटर झाली. एका इंचात १६ आटे असलेल्या स्क्रूची पिच सुमारे १.५९ मिलिमीटर असते. हा फरक एका आट्यात डोळ्यांना जाणवत नाही. दहा आट्यांत मात्र तो पाऊण मिलिमीटरहून अधिक होतो. असा चुकीचा स्क्रू पहिले दोन-तीन फेरे सहज जातो, मग अडतो आणि जोर लावल्यास छिद्रातील आटे कापून टाकतो.

मापांच्या या दुहेरीपणामागे इतिहास आहे. एके काळी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. इ.स. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांनी नेमके आटे पाडणारा लेथ विकसित केला. त्यांच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सर्वांसाठी समान मापे सुचवली. त्यांच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा होता. आजच्या मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंशांचा असतो. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली. तरीही इंचाच्या मापाची जुनी यंत्रे येथील कार्यशाळांत टिकून राहिली आणि दोन्ही मापे शेजारी शेजारी नांदू लागली.

लेथवर आटे पाडताना अचूकता हाताच्या कसबापेक्षा दातेरी चक्रांवर अवलंबून असते. चकमध्ये धरलेला लोखंडी दांडा, म्हणजे जॉब, फिरत असताना लीड स्क्रू नावाचे लांब मळसूत्र कापणाऱ्या हत्याराला ठरावीक वेगाने पुढे सरकवते. जॉबच्या एका फेऱ्यात हत्यार जितके सरकेल तितकी पिच मिळते. हे प्रमाण दोहोंमधील गिअर बदलून ठरवता येते.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये घरगुती कार्यशाळांत लोकप्रिय झालेल्या मायफर्ड एम.एल. ७ या लेथच्या लीड स्क्रूवर एका इंचात आठ आटे असतात. म्हणजेच त्याची पिच ३.१७५ मिलिमीटर असते. अशा इंची लेथवर १.५ मिलिमीटरचे आटे कसे पाडावेत? १.५ ला ३.१७५ ने भागले असता ६०/१२७ हे प्रमाण मिळते. जॉब फिरवणाऱ्या स्पिंडलवर ६० दातांचा आणि लीड स्क्रूवर १२७ दातांचा गिअर बसवून दोन्ही मधल्या गिअरने जोडले, की काम साधते. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७. इंच आणि मिलिमीटर यांच्यातील हा जणू दुभाषाच होय.

गिअर बदलण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करावा आणि नंतर त्यांवर झाकण लावावे. सैल बाह्या दुमडून घ्याव्यात व डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. जॉबचा व्यास १७ मिलिमीटरपेक्षा किंचित कमी ठेवावा. ६० अंशांना घासलेले हत्यार जॉबच्या मध्याच्या उंचीवर आणि त्याच्याशी काटकोनात बसवावे. पहिला काप केवळ ओरखड्याइतका घ्यावा आणि दहा आटे मोजावेत. ते १५ मिलिमीटर भरले नाहीत, तर चूक सुधारण्याची संधी अजून हातात असते.

त्यानंतर तेल देत, थोडे थोडे खोल जात सुमारे ०.९२ मिलिमीटर खोली गाठावी. प्रत्येक कापानंतर हत्यार मागे घेऊन लेथ उलटा फिरवून आरंभापाशी आणावा. या कामात लीड स्क्रूला धरणारा हाफ नट मध्येच उघडू नये. कारण तो पुन्हा लावताना हत्यार आधीच्याच खाचेत येईल याची खात्री नसते. पुष्कळ कारागीर स्पिंडलला दांडा लावून लेथ हाताने फिरवतात. तो दांडा काढल्याशिवाय मोटर कधीही सुरू करू नये.

शेवटी जॉब चकमध्येच ठेवून ओतीव भाग त्यावर फिरवून पाहावा. तो अडला, तर जोर न लावता आणखी एक हलका काप घ्यावा. जॉब एकदा सोडवला, की त्याच खाचांत हत्यार पुन्हा आणणे जिकिरीचे होते. तो भाग बोटांच्या बळावर, डगमग न करता शेवटपर्यंत गेला, की काम पुरे झाले असे समजावे. मग वर्षानुवर्षे कोपऱ्यात पडून राहिलेले यंत्र पुन्हा कामाला लागते.