तेंदूपत्ता : ओल राखण्याची वर्षभराची कसरत

इटियाडोह (जि. गोंदिया) : पाइपची तंबाखू कोरडी पडली की तिचा स्वाद जातो आणि ती घशाला झोंबते. म्हणूनच शौकीन मंडळी ती घट्ट झाकणाच्या बरणीत जपतात. पूर्व विदर्भात मात्र ओलाव्याची ही चिंता तंबाखूपेक्षा तिच्या वेष्टनाचीच अधिक असते. हे वेष्टन म्हणजे तेंदूपत्ता, अर्थात टेंभुर्णीचे पान. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर 1970 मध्ये पूर्ण झालेल्या इटियाडोह धरणाच्या आसपासच्या जंगलपट्ट्यात उन्हाळ्यातील रोख मिळकतीचा मोठा भाग या पानावर अवलंबून असतो.

विडीसाठी हेच पान का, याचे उत्तर त्याच्या चिवटपणात आहे. ते गुंडाळले तरी फाटत नाही, मंद जळते आणि तंबाखूच्या स्वादावर मात करीत नाही. हे गुण पानात योग्य प्रमाणात ओल असेतोवरच टिकतात. कोरडे पान बोटांत चुरते. अधिक ओले राहिले तर त्यावर बुरशी धरते, काळे डाग पडतात आणि ते कामातून जाते.

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास झुडपांची खूटकटाई होते. त्यानंतर फुटलेली कोवळी पाने साधारण दीड महिन्याने तोडण्याजोगी होतात. कुटुंबेच्या कुटुंबे पहाटे जंगलात शिरतात. नवेगाव-नागझिरा हा 2013 पासून व्याघ्र प्रकल्प आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या पहाटेच्या फेरीतील जोखीम कळते. दुपारी घरी बसून 70 पानांचा एक पुडा बांधला जातो. अशा 1,000 पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात. मजुरी मात्र शेकडा पुड्यांच्या हिशेबाने मिळते.

खरी कसोटी लागते ती संकलन केंद्रावर, म्हणजे इकडच्या भाषेत 'फळी'वर. तेथे पुडे मोकळ्या जमिनीवर ओळीने मांडून काही दिवस कडक उन्हात वाळवितात व मध्ये एकदा उलटतात. पुरते वाळलेले हे पान तसेच पोत्यात कोंबले तर त्याचा चुरा होईल. म्हणून भरण्यापूर्वी पुड्यांवर पाणी शिंपडतात. रात्रीच्या गारव्यात ते पाणी पानात सर्वत्र मुरते, पान लवचिक होते आणि मगच 'बोदभराई' केली जाते. पाणी किती शिंपडावे, याचे मोजमाप कोणत्याही यंत्रावर होत नाही. जाणती माणसे पान हाताने दुमडून अंदाज घेतात. पाणी कमी पडले तर पान तुटते. जास्त झाले तर पोत्याच्या आत ऊब धरून माल सडतो.

या साऱ्यावर पाणी फिरवितो तो अवकाळी पाऊस. मे महिन्यात फळीवर मांडलेले पुडे एका सरीने भिजले तर पानांचा रंग बिघडतो. जिल्ह्यात वर्षाला सरासरी 1,200 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असल्याने, पावसाळ्यापूर्वी पोती कोरड्या, हवेशीर गोदामात पोहोचविण्याची घाई असते. पूर्वी हा घोर प्रामुख्याने ठेकेदाराचा असे. 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर मात्र काही ग्रामसभा स्वतः संकलन व विक्री करू लागल्या. हक्क आला, तशी साठवणुकीची जबाबदारीही आली.

गोदामातून पान विडी कामगाराच्या घरी जाते, तेव्हा ओलाव्याचा दुसरा अध्याय सुरू होतो. हे काम बहुतांशी महिला करतात. पाने पाण्यात भिजवून, निथळून ओल्या गोणपाटात किंवा फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवतात. सकाळी पत्र्याच्या फर्म्यावर धरून कात्रीने ती कापली जातात. कापलेल्या तुकड्यांवरही ओले फडके असते, कारण विदर्भाच्या उन्हाळ्यात उघडे पान पाहता पाहता कडक होते. तंबाखू मात्र कोरडीच हवी. ती ओलसर झाली तर विडी नीट पेटत नाही. ओले पान आणि कोरडी तंबाखू एकाच सुपात सांभाळायची, असा हा मामला आहे. तयार विड्या शेवटी भट्टीच्या उष्णतेवर शेकतात, तेव्हा पानात राखलेली ओल निघून जाते.

भिजविताना फाटलेल्या वा डागाळलेल्या पानांचा भुर्दंड कोणावर, हा या व्यवसायातील जुना वाद आहे. मजुरी हजार विड्यांमागे ठरते, पाने मात्र मोजून-मापून दिली जातात. पाने कमी पडली तर पदरमोड करावी लागते आणि तपासणीत 'छाट' म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे श्रम वाया जातात. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कच्च्या मालाचे वाटप आणि नाकारलेल्या विड्यांची मजुरी यांवरील तंटे सोडविण्याची तरतूद केली होती. घरी बसून विड्या वळणाऱ्या महिलेला मात्र, सकाळी चुरलेले पान आदल्या दिवशी मिळाले तेव्हाच खराब होते, हे सिद्ध करणे जवळपास अशक्य असते.