"सर, खुर्ची चांगलीये, पण पाय कुठं ठेवू?" कारखान्यासाठी खुर्ची बनवण्याआधी हे वाचा



वरवे बुद्रुकला हायवेलगत उभं राहिलं की पुणे-सातारा रस्त्यावरून मालाच्या गाड्या सतत पळताना दिसतात. खेड शिवापूरपासून सारोळा, शिरवळपर्यंत या पट्ट्यात छोटी-मोठी युनिट्स आहेत. कुठे पॅकिंग, कुठे असेंब्ली, कुठे मशीन शॉप. आजूबाजूच्या गावांतून भोर-वेल्ह्याची माणसं तिथे कामाला येतात. आणि याच पट्ट्यात फॅब्रिकेशनचा धंदा करणारे आपले अनेक मित्र मला एकच प्रश्न विचारतात, "सर, गेट-ग्रील करून कंटाळा आला, स्वतःचं प्रॉडक्ट काय काढू? ऑफिस चेअर काढू का?"

काढा. पण घाई करू नका. शिरवळला गोदरेजचा मोठा कारखाना आहे. ऑफिसच्या खुर्चीत मोठ्या कंपन्यांशी आणि बाहेरून येणाऱ्या स्वस्त मालाशी किमतीत भांडायला गेलात तर दमाल. कारखान्यात बसून काम करणाऱ्याची खुर्ची मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे तुम्ही ग्राहकापासून दहा मिनिटांवर आहात. जाऊन माप घेऊ शकता. हाच तुमचा फायदा आहे, आणि आजचा सगळा लेख या एकाच मुद्द्यावर आहे.

माझी फसलेली ऑर्डर

काही वर्षांपूर्वी माझ्या सल्ल्याने एका फॅब्रिकेटर मित्राने एका पॅकिंग युनिटला तीस खुर्च्या दिल्या. आम्ही काय केलं? बाजारातली एक चांगली ऑफिस चेअर आणली, खोलली, तशीच बनवली. चाकं, हात ठेवायचे दांडे, गॅस लिफ्ट, सगळं होतं. सीट ४५ ते ५५ सेंटिमीटर वर-खाली व्हायची. मालक खूश, आम्ही खूश.

पंधरा दिवसांनी गेलो तर खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या. बायका उलट्या क्रेटवर बसून काम करतायत. मी एका मावशींना विचारलं, "काय हो मावशी, खुर्ची आवडली नाही का?"

त्या म्हणाल्या, "सर, खुर्ची चांगलीये, पण पाय कुठं ठेवू?"

एका वाक्यात आमची चूक त्यांनी सांगितली. खुर्ची खाली केली तर टेबल छातीशी यायचं, हात उचलून काम करावं लागायचं. वर केली तर पाय लटकायचे आणि सीटची कड मांडीला रुतायची. वर बॉक्स टेप करताना जोर लावला की खुर्ची चाकांवर मागे पळायची. आणि हाताच्या दांड्यांमुळे टेबलाच्या जवळ सरकताच येत नव्हतं. क्रेट बरा, निदान तो हलत तरी नाही!

जुलैत ह्याच मावशी दिवस दिवस वाकून भाताची लावणी करतात. त्या सहसा तक्रार करत नाहीत, खुर्ची गुपचूप बाजूला ठेवतात. म्हणून "तक्रार आली नाही" म्हणजे "प्रॉडक्ट चाललं" असं कधीच समजू नका.

सरासरी माणूस कुठेच नसतो

आम्ही खुर्ची 'सरासरी' माणसासाठी बनवली होती. ही चूक आपल्याआधी फार मोठ्या लोकांनी केलीये. १९५० साली अमेरिकन हवाई दलाने चार हजारांहून जास्त वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने त्यातली दहा मापं निवडली आणि विचारलं, या दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारे किती? ४,०६३ वैमानिकांमधून उत्तर आलं शून्य. एकही नाही. कुणाचे हात लांब तर पाय आखूड, कुणाची छाती रुंद तर मान बुटकी. त्यानंतर सरासरीवर कॉकपिट बेतणं सोडून माणसाप्रमाणे सरकणाऱ्या, जुळवून घेता येणाऱ्या सीटचा आग्रह सुरू झाला. ॲडजस्टेबल खुर्चीमागचा विचार हाच आहे.

आपल्याकडेही हे काम झालंय. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमधून देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय माणसांच्या शरीरमापांचं पुस्तक १९९७ साली आलं. डिझाइन शिकणारी मुलं ते वापरतात. परदेशी कॅटलॉगमधली मापं उचलण्यापेक्षा ते चाळणं केव्हाही चांगलं.

मग नेमकं कुणासाठी बनवायचं? समजा शंभर जणांना लहान मापापासून मोठ्या मापापर्यंत रांगेत उभं केलं. डिझाइनवाले साधारण पाचव्या आणि पंच्याण्णवाव्या माणसाकडे बघतात. पण प्रत्येक मापाला वेगळं टोक धरायचं असतं:

- सीटची उंची: दोन्ही टोकं. म्हणून ती वर-खाली होणारी हवी.
- सीटची खोली, म्हणजे पाठीपासून पुढच्या कडेपर्यंत: लहान माणूस. सीट खोल झाली तर बुटक्या माणसाची पाठ टेकतच नाही.
- सीटची रुंदी: मोठा माणूस.
- मजबुती: सगळ्यात जड माणूस, आणि तोही धपकन बसणारा.

हा तक्ता वर्कशॉपच्या भिंतीवर लावून ठेवा.

चार मापं, एक टेप

ज्या युनिटला खुर्ची द्यायची आहे तिथे जा. मालकाची परवानगी घ्या. वीस-पंचवीस जणांची मापं घ्या, त्यात सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात उंच व्यक्ती हवीच. बायकांची मापं बाईनेच घ्यावीत, आधी विचारून. एक सपाट लाकडी पेटी, टेप आणि सुताराचा गुण्या एवढं पुरतं.

१. बसल्यावर गुडघ्यामागच्या खाचेपासून जमिनीपर्यंत. कामावर जे पायात असतं, चप्पल किंवा सेफ्टी शूज, त्यासकट.
२. बसल्यावर नितंबाच्या मागच्या टोकापासून गुडघ्यामागच्या खाचेपर्यंत. सीटची खोली यापेक्षा दोन-तीन बोटं कमी ठेवायची.
३. बसल्यावर सीटपासून कोपरापर्यंत, हात सैल सोडून.
४. बसल्यावर नितंबांची रुंदी.

नावं लिहू नका, फक्त आकडे लिहा. लोकांना विश्वास वाटतो.

टेबल आधी, खुर्ची नंतर

आता सगळ्यात महत्त्वाचं. कारखान्यात टेबल किंवा लाइन पक्की असते, ती हलत नाही. म्हणून हिशोब टेबलापासून सुरू करायचा.

साधा नियम: नेहमीचं हलकं काम कोपराच्या उंचीला यावं. जोर लावायचं काम त्याहून थोडं खाली, बारीक बघून करायचं काम थोडं वर.

एक उदाहरण करू. लाइन ७५ सेंमी उंच आहे. मावशींचं सीटपासून कोपरापर्यंत माप २० सेंमी. म्हणजे सीट हवी ७५ वजा २०, बरोबर ५५ सेंमीवर. पण चपलेसकट गुडघ्याखालचं माप ४० सेंमी. मग पाय जमिनीपासून किती वर राहिले? ५५ वजा ४०, १५ सेंमी.

हे १५ सेंमी म्हणजे मावशींचा प्रश्न! कितीही भारी गॅस लिफ्ट लावा, हे १५ सेंमी ती भरून काढणार नाही. तिथे पाय ठेवायला जागाच लागते. म्हणून तुमचं प्रॉडक्ट नुसती खुर्ची नाहीये. खुर्ची आणि पायटेकू अशी जोडी आहे.

पायटेकू कसा करायचा? खुर्चीच्या खांबावर गोल रिंग लावता येते. पण ती खांबाच्या खालच्या नळीवर असेल तर सीट वर केली की सीट आणि रिंगमधलं अंतर बदलतं. म्हणून रिंग वेगळी सरकवता आली पाहिजे. याहून सोपं म्हणजे लाइनच्या खालच्या फ्रेमलाच तीन खाचांचा आडवा फळा बसवणं. त्यावर पूर्ण पाऊल टेकतं, आणि फॅब्रिकेटरला हे काम नवीन नाही.

काय बसवायचं, काय काढायचं

*पाया:* चार नाही, पाच पायांचा. कारण साधं आहे. मधल्या खांबापासून पायाचं टोक ३० सेंमीवर असेल, तर चार पायांत उलटण्याची कड खांबापासून सुमारे २१ सेंमीवर येते, पाच पायांत सुमारे २४ सेंमीवर. तेवढी खुर्ची जास्त पक्की.

*चाकं:* जोर लावायच्या कामाला चाकं नकोत, रबरी बुटं लावा. एका जागेहून दुसरीकडे सरकायचंच असेल तर गुळगुळीत फरशीवर मऊ आवरणाची चाकं.

*गॅस लिफ्ट:* बाजारात याला सगळे 'हायड्रॉलिक' म्हणतात, पण उचलायचं काम दाबलेला नायट्रोजन वायू करतो. दांडी ओढली की आतला व्हॉल्व्ह उघडतो. तुम्ही बसलेले असाल तर वजनाने सीट खाली येते, उठलात तर वायू तिला वर ढकलतो. हा भाग स्वतः बनवायला जाऊ नका. तपासणीचा दाखला देणाऱ्याकडूनच घ्या. आणि त्यावर वेल्डिंग, ड्रिलिंग कधीही नाही. दाबाखालची नळी आहे ती.

*पाठ:* कमरेच्या खोलगट भागाला टेकेल अशी, वर-खाली आणि मागे-पुढे होणारी. पुढे वाकून करायच्या कामात उंच पाठीचा उपयोग कमी, कमरेच्या टेकूचा जास्त.

*सीट:* तेल, बर्‍या उडतात तिथे कापडी कुशन महिनाभर टिकणार नाही. तिथे पीयू फोमची, पुसता येणारी सीट. पुढची कड गोल उतरती. सर्किट बोर्डच्या कामाला स्थिर वीज जमिनीत सोडणारी खास खुर्ची लागते, तो वेगळा विषय आहे. ते काम नमुना पास झाल्याशिवाय घेऊ नका.

*हाताचे दांडे:* टेबलाशी बसायच्या कामात बहुतेक वेळा अडचणच. काढून टाका, खर्चही वाचतो.

आणि सगळ्या ॲडजस्टमेंट बसल्या बसल्या, एका हाताने व्हायला हव्यात. पान्हा लागला की खुर्ची पहिल्या दिवशीच्या उंचीवरच राहिली समजा. शिफ्ट बदलते, बसणारा बदलतो, हे विसरू नका.

कागदपत्रं: दोन गोष्टी वेळेत करा

पहिली, मानक. कामाच्या खुर्च्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १७६३१ हे मानक २०२२ साली आलं. २०२५ मध्ये केंद्र सरकारने फर्निचरच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढला, त्यात या मानकाचा समावेश आहे. अशा आदेशांच्या तारखा आणि लहान उद्योगांच्या सवलती बदलत असतात. म्हणून पैसे घालण्याआधी ब्यूरोच्या वेबसाइटवर आजची स्थिती बघा.

दुसरी, डिझाइन नोंदणी. डिझाइन कायदा २००० नुसार वस्तूच्या दिसण्याला, आकाराला दहा वर्षं संरक्षण मिळतं, पुढे पाच वर्षं वाढवता येतं. यंत्रणा नवीन शोधली असेल तर पेटंट, तो वेगळा मार्ग. पण दोन्हीत एक सापळा आहे. अर्ज करण्याआधी फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला टाकला, प्रदर्शनात मांडला, तर नवेपणाचा दावा अडचणीत येतो. आधी अर्ज, मग स्टेटस.

पैशाचा हिशोब

हे आकडे फक्त पद्धत समजण्यासाठी आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा जिग, नमुने, तपासणी, नोंदणी मिळून २,६०,००० रुपये खर्च झाला. एका खुर्चीला माल-मजुरी ३,२०० आणि विक्री ४,५००. एका खुर्चीमागे १,३०० उरले. २,६०,००० भागिले १,३००, म्हणजे २०० खुर्च्या विकल्यावर घातलेले पैसे परत. आता स्वतःला विचारा, माझ्या वीस किलोमीटरच्या आत २०० बसणारे हात आहेत का? असतील तर पुढे जा. नसतील तर पायटेकूपासून सुरुवात करा. त्यात भांडवल कमी अडकतं.

विकताना मालकाला कायदा दाखवून घाबरवू नका. उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यावी, ही गोष्ट १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ४४ मध्येच लिहिली गेली. मालकाला ते माहीत असतं. तुम्ही एवढंच म्हणा, "साहेब, दोन खुर्च्या आठवडाभर फुकट ठेवतो. दुपारी तीननंतर किती बॉक्स होतात आणि किती परत करावे लागतात, तेवढं मोजा." आकडा चांगला आला तर ऑर्डर तोच देईल. नाही आला तर तुमचे दोनच नमुने अडकले, तीस खुर्च्या नाहीत.

या आठवड्याचा गृहपाठ

जवळच्या एका युनिटमध्ये अर्धा तास उभे राहा. खुर्च्यांकडे नको, पायांकडे बघा. कुठे वीट दिसेल, कुठे क्रेट, कुठे टेबलाच्या पट्टीवर एक पाय. प्रत्येक विटेची उंची टेपने मोजून वहीत लिहा. कामगारांनी तुमचं अर्धं डिझाइन आधीच करून ठेवलंय.

आमच्या त्या तीस खुर्च्यांचे दांडे आम्ही काढले, चाकांच्या जागी बुटं बसवली, लाइनखाली फळा वेल्ड केला. खर्च आमच्या खिशातून गेला. महिन्याने गेलो तेव्हा क्रेटमध्ये माल भरलेला होता आणि मावशी खुर्चीवर होत्या. "आता कसं वाटतंय?" विचारलं तर कामातून मान वर न करता म्हणाल्या, "आता बरंय."

पुढच्या व्हिडिओत पायटेकूचं ड्रॉइंग आणि कटिंग लिस्ट घेऊन भेटू. तोपर्यंत टेप खिशात ठेवा.