तीन पट्ट्यांची माशी

दिंडोरीकडच्या एका मांडवात सापळे टांगलेले होते, तरी कारली आतून किडत होती आणि सापळे रिकामे होते. आमिष होतं पेरूच्या माशीचं, मांडवात माशी कारल्याची. तिला क्यू ल्यूर हे वेगळं आमिष लागतं. हे ऐकलं आणि माश्यांची ओळख पटवण्याचं काम बघायला नाशकातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत गेले.

दारातच लवंगेसारखा वास. मिथाईल युजेनॉलचा, म्हणजे पेरूच्या माशीच्या आमिषाचा. कीटकशास्त्राची एक विद्यार्थिनी सापळे रिकामे करून माश्या अल्कोहोलमध्ये ठेवते, मग ब्रशने एकेक उचलून सूक्ष्मदर्शकाखाली घेते.

“आधी पाठ बघा.” लालसर पाठीवर पिवळे तीन पट्टे, पंखाच्या टोकाला काळसर डाग: कारल्या-दोडक्याची झ्युगोडॅकस कुकर्बिटी. पाठ काळपट, पट्टे दोनच, पंखाच्या कडेला अखंड बारीक रेघ: आंब्या-पेरूची बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. तिच्या दोन भाऊबंद माश्यांत चेहऱ्यावरचे दोन काळे ठिपके सुटे असले तर झोनाटा, आडवे पसरून जुळत आले असले तर करेक्टा. या शेवटच्या फरकासाठी ती एकाच माशीवर कितीतरी वेळ थांबली. ही चिकाटी मला फवारणीच्या कुठल्याही पंपापेक्षा मोलाची वाटते.

सापळ्यात येतात ते जवळजवळ सगळे नर. 1912च्या सुमारास बिहारमधल्या पुसा इथे हॉवलेट या कीटकशास्त्रज्ञाला सिट्रोनेला तेलाकडे झेपावणारे नर दिसले आणि पुढे त्यातूनच हा लवंगी वास शेतात आला. फळाला टोचून अंडी घालणारी मादी मात्र त्याकडे फिरकत नाही.

प्रयोगशाळेतल्या एका जुन्या डबीवर बॅक्ट्रोसेरा कुकर्बिटी असं नाव होतं. 2015मध्ये ही माशी झ्युगोडॅकस या वेगळ्या प्रजातीत गेली. “पुस्तक 2015च्या आधीचं असेल तर नाव तपासायचंच,” ती म्हणाली. त्याच 2015मध्ये, आफ्रिकेतून त्याच्या दहा वर्षं आधी नवी म्हणून नोंदलेली इन्व्हाडेन्स ही माशी आपली डॉर्सालिसच असल्याचं ठरलं. एकीकडे एक नाव वेगळं झालं, दुसरीकडे एक विरून गेलं.

ज्यांना हा पंडिती खेळ वाटतो त्यांनी 2014 आठवावं: फळमाश्या सापडल्या म्हणून युरोपीय संघाने आपला आंबा आणि कारली थांबवली. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला लासलगावसारख्या विकिरण केंद्रात किमान 400 ग्रे मात्रा देतात. फक्त फळमाशीचा प्रश्न असता तर 150 ग्रे पुरली असती. पण आंब्याच्या कोयीत भुंगाही असतो. कीड कोणती, हे आधी ठरतं, मात्रा त्यानंतर.