जुना जेसीबी घेताय? रंग नको, पिना बघा

गावाकडे घर बांधायला घेतलं की कामाला काम लागतं. पाया झाला, आता शेततळं; शेततळं झालं, आता बांध सरळ करू. भाड्याचे तास मोजून वैतागलेला माणूस मग म्हणतो, जुना जेसीबीच घेऊन टाकू, काम संपलं की विकू.

आधी हिशेब करा. तासाला बाराशे रुपये भाडं धरलं, तरी शंभर तासांचे होतात 1 लाख 20 हजार. घरच्या कामाला शंभर तास म्हणजे डोक्यावरून पाणी! जरा बऱ्या जुन्या मशीनला याच्या कितीतरी पट मोजावे लागतात; वर ऑपरेटर, डिझेल, विमा. शेजारपाजारची कामं हाताशी असतील, तरच घेण्यात अर्थ.

घ्यायचंच ठरलं तर सकाळी लवकर, न सांगता जा. बॉनेटला हात लावून इंजिन गार आहे ना, ते बघा. विकणारा मशीन आधीच गरम करून ठेवत असेल, तर त्याला काहीतरी झाकायचंय. चालू केल्यावर निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. ऑइलचं झाकण काढल्यावर भकाभक वाफारा आला, तर रिंग-पिस्टनचं काम जवळ आलंय.

हायड्रॉलिकचं मात्र उलटं. ऑइल गार असताना सगळं झकास चालतं. दमलेला पंप कळतो ऑइल तापून पातळ झाल्यावर. म्हणून तासभर कडक मुरमात खणायला लावा. मग भरलेली बकेट उचलून इंजिन बंद करा. ती भराभर खाली बसली, तर सिलिंडरची सीलं गेलीत. मागची बकेट अधांतरी ठेवून आडवी हलवून बघा. खडखडली की पिना-बुश झिजलेत. ताजं ग्रीस थापलंय तिथे जास्तच बघा. तासांच्या मीटरवर माझा फारसा विश्वास नाही. पेडलचं झिजलेलं रबर जास्त खरं बोलतं.

आरसीवरचा चासी नंबर जुळवा, कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची एनओसी घ्या. याशिवाय एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48 नुसार विनापरवाना गौण खनिज काढणारं मशीन जप्त होऊ शकतं. तेव्हा मशीन कधी तहसीलला लागलं होतं का, दंड थकलाय का, हे विकणाऱ्याला विचारा. त्याचं उत्तर काहीही असो, विसार देण्याआधी तहसील कचेरीत स्वतः चौकशी करा.